पाऊस, चिऱ्याची भिंत आणि मल्टीमीटर

गोव्यातल्या घरांत वायरिंगचे दोष दोन जातींचे असतात. काही बाराही महिने असतात: सैल पडलेला स्क्रू, आत तुटलेली तार, जळालेला स्विच. काही मात्र मिरगाचा पाऊस लागला की उगवतात आणि चवथीनंतर चांगलं ऊन पडलं की आले तसे निघून जातात. पहिल्या जातीचा दोष साधा मल्टीमीटर दहा मिनिटांत दाखवतो. दुसऱ्या जातीत तोच मीटर ‘सगळं ठीक’ म्हणतो आणि डीबीतला (घराच्या मुख्य वीजपेटीतला) आरसीसीबी (करंट गळू लागला की सप्लाय तोडणारा स्विच) मात्र पडत राहतो. मग गिझर बदलला जातो, आरसीसीबी बदलला जातो, शेवटी कोणीतरी आरसीसीबी काढून तारा सरळ जोडून देतो. त्या दिवसापासून त्या घरात न्हाणीतल्या ओल्या हाताला कुणाचंच संरक्षण उरत नाही.

मीटर दोन्ही वेळा खरंच सांगतो. आकडा लोड (वीज घेणारं उपकरण) चालू असताना घेतला की बंद असताना, भिंत ओली होती की कोरडी, मीटर स्वतः किती व्होल्ट लावून मोजत होता, हे आकड्यासोबत माहीत नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. खालचं सगळं त्यासाठी आहे.

आधी मीटर, मग हात

मीटर कॅट थ्री (घरातल्या कायम वायरिंगवर मोजण्यासाठीचा सुरक्षा दर्जा), ६०० व्होल्टचा घ्यावा. लीडचं (मीटरच्या तारांचं) इन्सुलेशन जाड असावं आणि टोकाचा उघडा धातू तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. काळी लीड ‘कॉम’मध्ये, लाल लीड व्होल्ट-ओहमच्या भोकात. लाल लीड १० अँपिअरच्या भोकात विसरून सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट असतो, कारण त्या भोकाच्या आत जवळपास नुसती जाड तारच असते. बऱ्याच स्वस्त मीटरांत त्या वाटेवर फ्यूजही नसतो. घरातल्या वायरिंगचे दोष शोधायला हे भोक लागतच नाही. त्यावर टेप चिकटवून टाकणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

सप्लाय बंद आहे याची खात्री तीन पायऱ्यांनी करायची. आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर २३० दाखवतो का पाहा. मग बंद केलेल्या जागी मोजा. मग पुन्हा त्या चालू सॉकेटवर. मधल्या मापात शून्य आलं आणि शेवटच्या मापातही शून्य आलं, तर सप्लाय गेलेला नसतो, लीड तुटलेली असते. मीटरच्या लीड कॉलरपाशी आतून तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच पाडून काम भागत नाही. इन्व्हर्टरवरचे दिवे-पंखे ज्या तारांवर आहेत, त्यांत बॅटरीतून तितकाच मारक करंट येत राहतो. आधी इन्व्हर्टर बंद, त्याचा आउटपुट वेगळा, मग वरच्या तीन पायऱ्या. छपरावर सोलर असेल तर त्याचा एसी आयसोलेटरही (सोलर घरापासून तोडायचा स्विच) पाडा.

सॉकेटची तीन भोकं, तीन मापं

समोर उभं राहिल्यावर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं. मीटर एसी व्होल्टच्या वरच्या रेंजवर ठेवून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापं घ्या आणि कागदावर लिहा. एकट्या मापावरून निदान करायला जाऊ नये. निरोगी सॉकेटवर पहिली दोन मापं जवळपास सारखी, २३०च्या आसपास येतात आणि तिसरं शून्य ते दोन-तीन व्होल्टमध्ये असतं.

फेज-न्यूट्रल शून्याजवळ पण फेज-अर्थ २३०, म्हणजे न्यूट्रल तुटलेलं. त्या लाइनवर एखादा दिवा चालू ठेवलेला असेल तर टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो आणि ‘दोन्हीकडे फेज आलाय’ असा गोंधळ होतो. प्रत्यक्षात फेज बल्बातून फिरून न्यूट्रलच्या तारेत आलेला असतो. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही शून्य असतील तर फेजच पोचत नाही. फेज-न्यूट्रल २३०, पण फेज-अर्थ ७० किंवा १२० असा कुठेतरी लटकलेला आकडा आला, तर अर्थिंगची तार सॉकेटला लावलेली आहे, पण पुढे कशालाच जोडलेली नाही. फेज-अर्थ शून्य आणि न्यूट्रल-अर्थ २३० असेल तर तारा उलट्या लावल्या आहेत. अशा बोर्डावर स्विच बंद केला तरी उपकरणात फेज राहतोच.

एक आकडा चांगला दिसतो पण वाईट असतो. लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० येत असेल, तर कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून ठेवलेलं असण्याची दाट शक्यता. अर्थिंगची तार ओढलेली नसली की हा ‘जुगाड’ केला जातो. पुढे कधी त्या लाइनचं न्यूट्रल तुटलं की फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. सापडला तर त्याच दिवशी सोडवा.

भुताचं व्होल्टेज

बंद केलेल्या तारेवर मीटर ४०, ६०, कधी ९० व्होल्ट दाखवतो. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. एकाच पाइपात शेजारून जाणाऱ्या चालू तारेतून अगदी सूक्ष्म करंट ओढला गेला तरी एवढ्या मोठ्या रोधावर मोठा आकडा उभा राहतो. एलईडी दिवा बंद केल्यावरही मंद मिणमिणतो, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं. नाहीतर स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेला असतो.

ओळखायची रीत सोपी आहे. जुना तारेचा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब होल्डरमध्ये घालून त्याच्या दोन तारा त्याच दोन टोकांना लावा आणि बल्ब लावलेला असतानाच मीटरवर पाहा. आकडा शून्यावर कोसळला तर भूत होतं. आकडा टिकला आणि बल्ब पेटला तर खरा सप्लाय आहे. आकडा अर्ध्यावर येऊन थांबला आणि बल्ब नुसता लालसर झाला, तर सप्लाय खरा आहे पण वाटेत खराब जोड आहे. हा बल्ब फेज आणि न्यूट्रलमध्येच लावायचा. फेज आणि अर्थमध्ये लावून ‘अर्थिंग तपासणं’ घरात करू नये. पुढे अर्थ पिटची (जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्याची) तार तुटलेली असेल तर बल्बातून आलेला फेज घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या पत्र्यांवर पोचतो, आणि त्याच वेळी कोणी फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावलेला असू शकतो.

तारेचे बल्ब आता दुकानांत कमी दिसतात. मिळाले की दोन-तीन घेऊन ठेवा. एलईडी बल्ब या कामाचा नाही, तो भुताच्या करंटवरही पेटतो.

लोड दिल्याशिवाय सैल जोड दिसत नाही

लोड नसताना सैल जोडावरही पूर्ण २३० व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळपास करंट घेतच नाही. म्हणून तक्रार ‘गिझर नीट तापत नाही’, ‘इस्त्री लावली की दिवे मंद होतात’ अशी असेल, तर लोड चालू ठेवूनच मोजायला हवं.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. २००० वॅटच्या गिझरच्या कॉइलचा रोध २३० व्होल्टच्या हिशेबाने साधारण २६.५ ओहम. डीबीपासून गिझरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर गेली आहे. अडीचच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.००७४ ओहम, जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.३ ओहम. गिझर चालू असताना डीबीवर २२५ व्होल्ट आहेत आणि गिझरच्या सॉकेटवर २१०. गिझर साधारण ८ अँपिअर घेतोय. वायरीत स्वाभाविकपणे ८ गुणिले ०.३, म्हणजे २.४ व्होल्ट पडायला हवेत. पडताहेत १५. उरलेले १२.६ व्होल्ट कुठल्यातरी जोडात पडतात, आणि १२.६ गुणिले ८ म्हणजे जवळजवळ १०० वॅट उष्णता भिंतीतल्या एका छोट्या पेटीत तयार होते आहे. त्या जोडावरचं प्लास्टिक किती दिवस टिकेल याचा अंदाज यावरून करावा. अशा ठिकाणी एमसीबी (करंट ठरल्यापेक्षा जास्त झाला की पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट ठरल्यापेक्षा कमीच असतो.

तो जोड फेजच्या बाजूला की न्यूट्रलच्या? इथे अर्थिंगची तार कामाला येते. तिच्यातून करंट जात नसल्यामुळे तिच्यावर व्होल्ट पडत नाहीत. म्हणजे डीबीपासून सॉकेटपर्यंत आयतीच ओढून ठेवलेली लांब लीड आहे ती. गिझर चालू असताना सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ मोजा आणि डीबीवरचं न्यूट्रल-अर्थ त्यातून वजा करा. उरलेला आकडा सव्वा व्होल्टच्या आसपास असेल तर न्यूट्रलची वायर निरोगी आणि दोष फेजकडे. १३-१४ असेल तर दोष न्यूट्रलकडे. अर्थात हे अर्थिंगची तार डीबीपर्यंत सलग असेल तरच.

स्विचवरही हेच. स्विच चालू, लोड चालू, आणि स्विचच्या दोन टोकांत मीटर. शून्य आलं तर स्विच चांगला, २३० आलं तर आत संपर्कच होत नाही, आणि दोन-तीन व्होल्ट आले तर तो स्विच जळायच्या वाटेवर आहे. समुद्राजवळच्या बार्देश-सालसेतच्या किनारपट्टीत खाऱ्या हवेने पितळी टोकांवर हिरवी पूड चढते. नुसता स्क्रू आवळून ती जात नाही. वायरीचं टोक काळं-हिरवं झालेलं असेल तर कापून नवीन तांबं काढा. जुन्या घरांत सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी) ॲल्युमिनियमची आणि पुढची तांब्याची असते. त्या दोघांचा सरळ पिळून केलेला जोड दमट हवेत टिकत नाही, तिथे दोन धातूंसाठीचाच लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लागतो.

आरसीसीबी पडतो तेव्हा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची तुलना करतो. फरक १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मध्ये कुठेतरी गेला की तो पडतो. ओहमच्या भाषेत, फेज आणि अर्थ यांच्यामध्ये ७.७ किलोओहमपेक्षा कमी रोध असेल तर तो पडलाच पाहिजे, आणि १५ किलोओहमच्या आसपास पडूही शकतो. शिवाय प्रत्येक कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, एलईडी ड्रायव्हर आपल्या फिल्टरमधून थोडा-थोडा करंट अर्थमध्ये सोडतच असतो, आणि कपॅसिटरमधून जाणारा तो करंट ओहमच्या रेंजवर अजिबात दिसत नाही. म्हणजे भिंतीतल्या गळतीने आठ-दहा मिलिअँपिअर आधीच खाल्ले असतील, तर वॉशिंग मशीन हे केवळ निमित्त ठरतं.

पहिली चाचणी मीटरशिवाय. सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चढवत जा. एखादा एमसीबी चढवताच, त्यावर काहीही चालू नसताना, आरसीसीबी पडला तर त्या सर्किटमध्ये फेजची गळती आहे. हे सोपं प्रकरण.

अवघड प्रकरण असं: सगळे एमसीबी चढतात, तासभर काही होत नाही, गिझर किंवा इस्त्री लावली की आरसीसीबी पडतो. गिझर निर्दोष असतो. दोष भलत्याच ठिकाणी, समजा फाटकावरच्या दिव्यात असतो, आणि त्या दिव्याचा एमसीबी पाडला तरी जात नाही. कारण एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो. फाटकावरच्या दिव्याचं न्यूट्रल डीबीतल्या न्यूट्रल लिंकला (सगळी न्यूट्रल जिथे एकत्र येतात त्या पट्टीला) जोडलेलंच राहतं, आणि तिकडे पावसाचं पाणी शिरून ते न्यूट्रल अर्थला टेकलेलं असतं. गिझर लावला की न्यूट्रलवर दोन-तीन व्होल्ट चढतात, गिझरच्या परतीच्या करंटमधला थोडा भाग फाटकाच्या ओल्या होल्डरमधून जमिनीत उतरतो, आणि तेवढा फरक पुरतो. न्यूट्रलवर २ व्होल्ट असतील तर ३० मिलिअँपिअर जायला न्यूट्रल-अर्थ रोध ६७ ओहमच्या आसपास किंवा कमी हवा. म्हणजे हा दोष मीटरला व्यवस्थित दिसण्याइतका मोठा असतो. फक्त शोधायला हवा तिथे कोणी मीटर लावत नाही.

तर अशा वेळी मेन आणि आरसीसीबी दोन्ही पाडा, इन्व्हर्टर वेगळा करा, सप्लाय नसल्याची खात्री करा. सगळ्या उपकरणांचे प्लग काढा. स्विच बंद करणं पुरत नाही, तोही न्यूट्रल तोडत नाही. मीटर ओहमवर ठेवून न्यूट्रल लिंक आणि अर्थ बार यांमध्ये मोजा. कोरड्या, निरोगी घरात ‘ओएल’ (मीटरच्या आवाक्यापलीकडचा रोध) किंवा मेगाओहममध्ये आकडा येतो. काही ओहम किंवा शेकडो ओहम आले तर आता लिंकमधून न्यूट्रलच्या तारा एकेक सोडवा, प्रत्येक तारेवर टेप लावून क्रमांक घाला, आणि दर वेळी मोजा. ज्या तारेला सोडवल्यावर आकडा उडी मारून वर जातो, ते सर्किट दोषी.

तार सोडवूनही काही सापडलं नाही तर उसन्या न्यूट्रलचा विचार करा. जिन्यातल्या दिव्याचा फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल जवळ पडलं म्हणून दुसऱ्याचं, असं नूतनीकरणाच्या वेळी सर्रास केलं जातं. दोन्ही सर्किटं एकाच आरसीसीबीखाली असली तर चालून जातं. घराचा नवा भाग वेगळ्या आरसीसीबीवर घेतला की तो दिवा लावताक्षणी दोन्ही पडतात.

ओल मोजताना

ओहमच्या रेंजवर मीटर जेमतेम दोन-तीन व्होल्ट लावतो. चिऱ्याच्या भिंतीत पुरलेल्या पाइपात, प्लास्टर ओलं असताना, तारेच्या जुन्या चिरेतून जी गळती २३० व्होल्टला होते, ती एवढ्याशा व्होल्टला दिसेलच असं नाही. म्हणून मल्टीमीटरने कमी रोध दाखवला तर दोष नक्की आहे, पण ‘ओएल’ दाखवला म्हणजे दोष नाही असं नाही. खात्रीसाठी ५०० व्होल्ट डीसीचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लागतो. त्यावर फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी किमान १ मेगाओहम यायला हवा. मेगर लावण्याआधी एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डोअरबेल सगळं सोडवा, नाहीतर ते जातील.

मेगर नसेल तरी मल्टीमीटर ओलीची खूण देतो. पाण्यातून जाणाऱ्या वाटेचा आकडा स्थिर राहत नाही. ४० किलोओहमपासून सुरू होऊन चढत किंवा उतरत राहतो, आणि लाल-काळ्या लीडची अदलाबदल केली की वेगळाच येतो. खराब जोडाच्या किंवा रेझिस्टरच्या बाबतीत अदलाबदलीने फरक पडत नाही. सप्लाय पूर्ण बंद असताना त्याच दोन टोकांवर डीसी मिलिव्होल्टची रेंज लावून पाहा. काही दहा किंवा शंभर-दोनशे मिलिव्होल्ट दिसले तर तांबं, लोखंडी पेटी आणि मधलं खारट पाणी मिळून छोटा सेलच तयार झाला आहे. अदलाबदलीने आकडा बदलतो तोही मुख्यतः यामुळेच. ही खूण दिसली की पेटी उघडा. आत पाणी नाहीतर गंजाचा पट्टा सापडण्याची शक्यता फार मोठी.

आधी कुठे उघडायचं? माझा क्रम असा असतो: फाटकाचा दिवा, तुळशी वृंदावनापाशी नेलेली वायर, वसरीच्या बाहेरच्या भिंतीवरचे बोर्ड, राजांगणाकडेचे (घरामधल्या अंगणाकडेचे) दिवे, गच्चीच्या स्लॅबमधून उतरणारे पाइप, बावीवरचा (विहिरीवरचा) पंप, न्हाणीतला गिझर. बाहेरच्या पेटीत केबल वरून घातलेली असेल तर पाणी केबलवरून ओघळत थेट आत जातं. केबल खालून घ्यावी, आणि पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो. भिंतीतला लोखंडी बॉक्स हा मुळात कपच असतो. गच्चीवरून आलेला पाइप त्यात उतरत असेल तर पाणी साचून खालच्या सॉकेटच्या टोकांपर्यंत चढतं. हेअर ड्रायरने वाळवल्यावर आकडा किलोओहममधून मेगाओहममध्ये जाताना दिसला तर निदान पक्कं झालं, दुरुस्ती मात्र झालेली नाही. पाणी कुठून येतं ते बंद करेपर्यंत पुढच्या सरीला तेच होणार.

लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगवर, कापसाचं वेष्टण आणि आत रबर असलेल्या वायरीवर, मीटर घेऊन बसू नका. हात लावला की रबर भुग्यासारखं झडतं आणि चांगला आकडा देणारी वायर मोजून झाल्यावर उघडी पडलेली असते. ती बदलायचीच.

भिंतीत नेमकं कुठे

दोषी सर्किट कळल्यावर मधोमध तोडायचं. सहा बोर्ड असतील तर तिसऱ्या-चौथ्याच्या मधला लूप (एका बोर्डावरून पुढच्या बोर्डाला नेलेली तार) सोडवा, दोन्ही अंगांना मोजा, वाईट अर्ध्यात पुन्हा मधोमध. तीन वेळा उघडलं की जागा हाती येते. डीबीकडून ओळीने उघडत जाण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

रोधावरून शॉर्टचं अंतर काढायचा मोह टाळा. साधा मीटर ०.१ ओहमपर्यंतच वाचतो, आणि अडीचच्या वायरमध्ये ०.१ ओहम म्हणजे १३ मीटरहून जास्त तांबं, जाऊन-येऊन पावणेसात मीटरची भिंत. लीडचा स्वतःचाच रोध त्याहून जास्त असतो. तुटलेल्या तारेच्या बाबतीत मात्र कपॅसिटन्सची रेंज असलेला मीटर चांगलं काम देतो. तुटलेली तार आणि तिच्या बरोबरीने जाणारी सलग तार, दोन्ही टोकांना मोकळ्या करून, दोन्ही बाजूंनी मोजा. एकीकडून १.२ नॅनोफॅरड आणि दुसरीकडून ०.४ आलं, तर तुटलेली जागा पहिल्या टोकापासून पाऊण अंतरावर आहे. पाइपाला वाटेत फाटा नसेल आणि वायर सगळीकडे सारखीच असेल तर हा अंदाज हात-दीड हाताच्या आत बसतो. त्या जागी बहुतेक वेळा पडद्याच्या रॉडसाठी किंवा फोटोसाठी मारलेला खिळा असतो.

उपकरणं

गिझरचा प्लग काढून प्लगच्या दोन पिनांत मोजा: २००० वॅटला साधारण २६, ३००० वॅटला साडेसतरा ओहम. मग पिन आणि अर्थची मोठी पिन यांत. इथे ‘ओएल’ हवा. ५० किंवा १०० किलोओहम दिसले तर कॉइलमधली पांढरी पूड दमट झालेली असू शकते, ती हवेतली ओल शोषते. उन्हाळाभर बंद ठेवलेला गिझर जूनमध्ये पहिल्यांदा लावल्यावर आरसीसीबी पाडतो तो पुष्कळदा यामुळे. आकडा हजार-दोन हजार ओहमवर असेल तर कॉइल फुटली आहे, बदला.

बावीतल्या सिंगल फेज पंपाच्या तीन तारांत तीन मापं येतात. सर्वात लहान रनिंगचं, मधलं स्टार्टिंगचं, सर्वात मोठं दोघांची बेरीज. बेरीज जुळत नसेल तर वाइंडिंगमध्ये किंवा केबलच्या जोडात दोष. पाण्याखालचा केबल जोड हाच अशा पंपांचा सर्वात कच्चा भाग. पंप वर काढण्याआधी तिन्ही तारा आणि अर्थ यांत मोजून घ्या, कारण वर काढल्यावर जोड वाळतो आणि पुरावा नाहीसा होतो.

वीजमीटरच्या अलीकडचं

घरभर दिवे एकदम मंद-प्रखर होत असतील तर दोष घरात शोधू नका. तीन फेजचं कनेक्शन असेल तर मेन स्विचवर तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजा. एकावर १७०, दुसऱ्यावर २९० असं दिसलं तर येणारं न्यूट्रल सैल किंवा तुटलेलं आहे. ताबडतोब मेन पाडा, जास्त व्होल्टच्या फेजवरचं सगळं जळतं. वाऱ्यात माडाची झावळ सर्व्हिस वायरवर पडली की हे हमखास होतं. खांबापासून सीलबंद मीटरपर्यंतचं काम वीज खात्याचं, तिथे हात घालायचा नाही. तक्रार १९१२ वर करा आणि घेतलेले आकडे सांगा.

अर्थ पिटचा रोध मल्टीमीटरने मोजता येत नाही, त्याला अर्थ टेस्टर लागतो. चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते आणि तेव्हाच पिट सर्वात वाईट असतो. पिट २० ओहमचा असेल तर फेज थेट पत्र्याला टेकला तरी २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअरच जातील. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याला हलणारही नाही. आरसीसीबी काढून टाकलेल्या घरात मग तो पत्रा तसाच जिवंत राहतो. म्हणून पिट मे महिन्यात मोजून घ्या, पावसात आलेला चांगला आकडा फसवा असतो.

डीबीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. प्रत्येक सर्किटचं न्यूट्रल-अर्थ आणि फेज-अर्थ रोधाचं माप, मेगरने की मल्टीमीटरने, तारीख, आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन. एकदा मेच्या शेवटी, एकदा चवथीची रोषणाई लावण्याआधी. फाटकाच्या दिव्याच्या ओळीत मे महिन्यात ‘ओएल’ आणि ऑगस्टमध्ये ३०० किलोओहम असं दिसलं, की पेटी कुठली उघडायची ते आरसीसीबी पडायच्या आधीच कळलेलं असतं.